पिवळं कार्ड आणि साक्षगंध

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पूर्व नागपुरात राहणाऱ्या एका आईचं हे पत्र आहे. मुलगी २६ वर्षांची, मिहानमध्ये नोकरीला. कॉलेजात असताना शिबिरात रक्त तपासलं तेव्हा तिला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं पिवळं कार्ड मिळालं. म्हणजे ती वाहक, ‘एएस’. तिला त्रास कधीच काही झाला नाही आणि ते कार्ड तेव्हापासून आलमारीत साड्यांखाली पडून आहे. आता भंडाऱ्याकडचं स्थळ आलं आहे. मुलगा बँकेत आहे, दोघांची पसंती झाली आहे आणि साक्षगंधाची तारीख काढायची आहे. मोठे भासरे म्हणतात, “एएस म्हणजे काही आजार नाही. सांगाल तर सोयरीक मोडेल आणि समाजात बोभाटा होईल.” मुलगी म्हणते, मी सांगणारच. आईंचा प्रश्न असा की पोरीला समजवावं कसं. पत्रात पुढे त्या लिहितात, “आमच्या दोन्ही घरांत हा आजार कोणालाच नाही. भासऱ्यांचा एक मुलगा लहानपणी गेला, पण त्याला संधिवात आणि कावीळ होती. आमच्या कुळाला हा डाग कुठून लागला कळत नाही.” धाकटा मुलगा बारावीला आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ताई,

पोरीला समजवायची गरज नाही, तिचं बरोबर आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं वाचताना तुम्हाला उत्तराची वाट पाहावी लागणार नाही. पण ‘सांगायचं’ म्हणजे नेमकं काय, कोणाला आणि कधी, यावर मात्र नीट बोलायला हवं. तुमच्या घरात सध्या हे सगळं एकाच प्रश्नात कोंबलं गेलं आहे आणि त्या प्रश्नाचा रोख सगळा तुमच्या मुलीकडे आहे.

भासऱ्यांचं अर्धं म्हणणं अगदी खरं आहे. एएस म्हणजे आजार नव्हे. रक्तातला लाल रंग ज्याच्यामुळे असतो त्या हिमोग्लोबिनचा आराखडा आपल्याला दोन प्रतींत मिळतो, एक आईकडून, एक वडिलांकडून. तुमच्या मुलीची एक प्रत नेहमीची आहे आणि दुसरीत एक छोटासा बदल आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ दुवे असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसलं, एवढाच तो बदल. तिची चांगली प्रत पुरेसं काम करते, म्हणून ती ठणठणीत आहे आणि तशीच राहील. एएसचा पुढे एसएस, म्हणजे दोन्ही प्रती बदललेला प्रत्यक्ष आजार, होत नाही. वय वाढलं, बाळंतपण झालं, तरी होत नाही. तिला औषध लागत नाही, पथ्य लागत नाही. उन्हाळ्यात पाणी न पिता अतिश्रम करू नयेत, खूप उंच डोंगरावर जाताना काळजी घ्यावी, लघवीतून रक्त गेलं तर दाखवावं आणि ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना कल्पना द्यावी, एवढं पुरे. नागपूरच्या मे महिन्यात यातलं पहिलं तर एएस नसलेल्यांनीही पाळावं.

तेव्हा लग्नाच्या बाजारात तुमची पोरगी ‘कमी’ ठरत नाही. हे तुम्ही आधी मनाशी पक्कं करा. बोलताना तुमचा आवाज अपराध्यासारखा आला, तर समोरचेही तुम्हाला तसंच वागवतील.

भासऱ्यांच्या बोलण्यातून सुटलेलं दुसरं अर्धं असं, की इथे खरा महत्त्वाचा रिपोर्ट तुमच्या मुलीचा नाहीच. तो त्या मुलाचा आहे, आणि तो अजून कोणी पाहिलेलाच नाही. मुलगा एए, म्हणजे दोन्ही प्रती नेहमीच्या असलेला, असेल तर त्यांच्या कुठल्याही मुलाला सिकलसेलचा आजार होणार नाही. फार तर एखादं मूल आईसारखं वाहक होईल. मुलगाही एएस असेल तर मात्र प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता एसएस बाळाची, ५० टक्के एएसची आणि २५ टक्के एएची. यातला ‘प्रत्येक’ हा शब्द विसरू नका. “चारातलं एक होतं, ते झालं, आता पुढची चांगली” असं मानून चालणारी जोडपी ओपीडीत नेहमी भेटतात. तसं नसतं. दरवेळी हिशेब पहिल्यापासून सुरू होतो.

म्हणून प्रश्न ‘आपलं सांगावं का’ असा ठेवूच नका. ‘दोघांचंही रक्त तपासलं का’ असा ठेवा. विदर्भात तो प्रत्येक सोयरिकीत विचारला जायला हवा. तुमच्या मुलीला स्वतःचं उत्तर माहीत आहे, या बाबतीत ती त्या मुलाच्या एक पाऊल पुढेच आहे.

आता त्या पिवळ्या कार्डाबद्दल. शिबिरात साधारणपणे सोल्युबिलिटी टेस्ट करतात. एका छोट्या नळीत द्रावण घेतात, त्यात बोटाच्या रक्ताचा थेंब टाकतात आणि काही मिनिटांनी ती नळी काळ्या रेघा मारलेल्या कागदासमोर धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर एस, म्हणजे तो बदल असलेलं हिमोग्लोबिन नाही. द्रावण गढूळ झालं आणि रेघा दिसेनाशा झाल्या तर ते आहे. टेस्ट स्वस्त आहे, झटपट होते, गावोगावी नेता येते. पण माणूस एएस आहे की एसएस, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी लॅबमधली तपासणी करावी लागते. तुमच्या मुलीची ही पुढची तपासणी झाली होती का, हे पत्रावरून कळत नाही. कार्डाबरोबर तसा कागद नसेल तर एचपीएलसी एकदा करून घ्या. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिनच्या प्रकारांचे ए, ए२, एफ, एस असे रकाने असतात आणि प्रत्येकापुढे टक्केवारी. वाहकात बहुधा एस ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपास दिसतं आणि ए त्याहून जास्त.

मुलाची तपासणीही एचपीएलसीच हवी. याचं कारण बऱ्याच शिकलेल्या घरांतही माहीत नसतं. समजा त्याची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पेढे वाटले. पण तो बीटा थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा, वाहक असू शकतो आणि तो त्या नळीत दिसत नाही. एका बाजूने सिकल आणि दुसऱ्या बाजूने बीटा थॅलेसेमिया मिळालेल्या बाळाला जो आजार होतो, तो कित्येकदा एसएसइतकाच त्रास देतो. एचपीएलसीत ए२ वाढलेलं दिसलं की थॅलेसेमियाचा वाहक ओळखू येतो. हिमोग्लोबिन डीसारखे प्रकारही तिथेच सापडतात. अंगात लोह फार कमी असेल तर ए२ कमी दिसून फसगत होऊ शकते, म्हणून सोबत साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करावा. कोणाला गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर तेही लॅबला सांगावं, कारण मग रिपोर्टात दात्याचं रक्त मिसळलेलं असतं.

“दोन्ही घरांत कोणालाच नाही,” असं तुम्ही लिहिलंत. ताई, आजार कोणाला नसेलही, पण कोणाच्याच रक्तात हे नाही, हे शक्य नाही, आणि हे मी तुम्हाला दुखवायला म्हणत नाही. मुलीला ती प्रत तुमच्याकडून किंवा तिच्या बाबांकडून आली आहे. तुमच्यापैकी एक जण वाहक असणारच. आयुष्यभर काही जाणवलं नाही, म्हणून कळलं नाही, इतकंच. तुम्ही दोघांनी तपासून घेतलंत तर बरं, पण कोणामुळे आलं हे शोधायला नको. तुमची भावंडं, त्यांची मुलं, चुलत-मामे नात्यातली लग्नाची पोरं, यांच्यापैकी कोणी तपासावं हे त्यातून कळेल, म्हणून. रिपोर्ट आल्यावर घरात “तुझ्या माहेरचं” आणि “तुमच्या घराण्याचं” सुरू होऊ देऊ नका. डोळ्यांचा रंग कोणाकडून आला यावरून आपण भांडत नाही.

आणि ते लहानपणी गेलेलं मूल. इतक्या वर्षांनी, पत्रावरून, त्याला काय होतं हे कोणीही सांगू शकत नाही आणि मीही सांगणार नाही. पण ‘संधिवात आणि कावीळ’ ही जोडी विदर्भातल्या घरांतून मी इतक्या वेळा ऐकली आहे, की ती ओलांडून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. एसएस असलेल्या मुलाच्या लाल पेशी ऑक्सिजन कमी पडला की कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडं दुखतात, सांधे सुजतात. नेहमीची लाल पेशी १२० दिवसांच्या आसपास जगते, या पेशी दहा-वीस दिवसांत फुटतात, म्हणून रक्त कमी होतं आणि डोळे पिवळे दिसतात. तपासणी सहज मिळत नव्हती तेव्हा अशा कितीतरी मुलांवर संधिवाताचे आणि काविळीचे उपचार झाले, झाडपाला झाला, मंत्र झाले. तुमच्या पुतण्याच्या बाबतीत असं झालं असेल किंवा नसेलही. झालं असेल, तर “सांगू नका” म्हणणाऱ्या भासऱ्यांच्या मनात केवळ समाजाची भीती नसावी. आपलं मूल कशाने गेलं, हे पुन्हा उकरायची त्यांची तयारी नसेल. त्यांना वादात हरवायला जाऊ नका. जाऊबाईंशी एकदा निवांत बोला. त्यांची बाकीची मुलं लग्नाची असतील किंवा लग्न झालेली असतील, तर त्यांची तपासणी तुमच्या मुलीच्या लग्नाइतकीच निकडीची आहे.

‘डाग’ हा शब्द तुमच्या पत्रात वाचून वाईट वाटलं. हा डाग नाही, कुळाचा तर नाहीच. ज्या भागांत मलेरियाने पिढ्यानपिढ्या माणसं मेली, तिथेच ही प्रत जास्त सापडते. वाहक मुलं फाल्सिपेरम मलेरियाच्या जीवघेण्या तापातून अधिक वाचत, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवलं. म्हणजे जी प्रत तुमच्या मुलीकडे आली, तिने तुमच्या कुठल्यातरी पणजीला किंवा खापरपणजोबांना वाचवलं असण्याचा संभव आहे. आजाराची नोंद अमेरिकेत जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये केली, आपल्या देशात निलगिरीतल्या आदिवासींमध्ये तो १९५२ मध्ये आढळला आणि १९५८ मध्ये डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. आपल्या भागाला हे ठाऊक होऊन इतकी वर्षं झाली. तरी अजून ‘हा अमक्या समाजाचा आजार’ असं बोललं जातं. विदर्भात तो आदिवासींमध्ये आहे, बौद्धांमध्ये आहे, ओबीसींमधल्या कितीतरी जातींत आहे. जात विचारून कोणाचं रक्त तपासायचं हे ठरवणं बंद व्हायला हवं. याच नागपुरात संपत रामटेके यांनी सिकलसेलच्या रुग्णांसाठी आयुष्य वेचलं आणि त्या कामासाठी त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या शहरात एका आईने हे कार्ड साड्यांखाली ठेवावं, हे मला खरंच सलतं.

आता सांगायचं कसं. बायोडेटात लिहू नका. तो कागद व्हॉट्सॲपवर पन्नास घरांत फिरतो आणि आपल्या रक्ताची माहिती गावभर वाटायचं कोणावरच बंधन नाही. पण पसंती झाल्यावर आणि साक्षगंधाच्या आधी ती समोर यायलाच हवी. साक्षगंध झालं की हॉल ठरतो, कपडे घेतले जातात, नातेवाईक येऊन जेवून जातात, आणि मग कुठलाही रिपोर्ट मोकळ्या मनाने वाचला जात नाही. लग्नानंतर कळलं, तर पोरीवर ‘लपवून दिली’ हा शिक्का कायमचा बसतो. त्या घरात पुढे काहीही बिनसलं की तोच विषय निघेल. गरोदरपणात डागा किंवा मेडिकल अशा नागपूरच्या सरकारी दवाखान्यात तिची तपासणी होईल तेव्हा ते कळणारच आहे. लपवून तुम्ही फार तर वर्ष-दोन वर्षं मिळवता.

पहिल्यांदा ही गोष्ट मुलीने त्या मुलाशी बोलावी, तीही एकटीने. मोठ्यांच्या बैठकीत हा विषय पहिल्यांदा निघाला तर तिथे प्रत्येकाला काहीतरी बोलून दाखवायचं असतं. ती साधं म्हणू शकते, “मी सिकलसेल वाहक आहे. मला आजार नाही आणि होणारही नाही. पण तूही वाहक असशील तर आपल्या बाळाला होऊ शकतो, म्हणून पुढे जाण्याआधी तुझी एचपीएलसी करून घेऊ. माझा रिपोर्ट हा बघ.” यात माफी नाही, आर्जव नाही. मेडिकल, मेयो, डागा अशा सरकारी दवाखान्यांत सिकलसेलची तपासणी मोफत होते. भंडाऱ्यालाही जिल्हा रुग्णालयात चौकशी करता येईल. ऐकून तो मुलगा काय म्हणतो, तपासायला तयार होतो का, घरच्यांना स्वतः सांगतो का, यावरून तुम्हाला त्याच्याबद्दल पत्रिकेतल्या छत्तीस गुणांपेक्षा जास्त कळेल. आणि एवढ्यावरून त्या घराने नकार दिला, तर पोरीचं नशीब फुटलं असं समजू नका. जे घर एएस ऐकून मागे हटतं, ते उद्या तिच्या आजारपणात कसं वागलं असतं याचा विचार करा.

मुलाचा रिपोर्ट स्वच्छ आला तर विषय संपला, तारीख धरा. तोही वाहक निघाला तर जरा थांबा. सरकारी फलकांवर ‘एएस-एएस विवाह टाळा’ असं लिहिलेलं असतं. त्यामागचं कारण मला समजतं, कारण एसएस मुलाचं दुखणं मी जवळून पाहते. जुजबी ओळखीचं, ठरवून होणारं लग्न असेल आणि दोघांनाही थांबणं सोपं वाटत असेल, तर थांबण्यात शहाणपण आहे, असंच माझंही मत आहे. पण दोघांचा जीव जडला असेल तर फलक दाखवून त्यांना तोडू नये. त्यांना पुढचे रस्ते पूर्ण सांगावेत.

एक रस्ता असा. गरोदर राहिल्यावर साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा घेऊन, किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन, बाळाच्या डीएनएची तपासणी करता येते. ‘गर्भाची तपासणी म्हणजे गुन्हा’ असं समजून कितीतरी जोडपी विचारायलाच घाबरतात. कायद्याने बंदी आहे ती लिंग सांगण्याला. हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात तपासणी करायला तोच कायदा परवानगी देतो. या तपासणीत गर्भपाताचा थोडा धोका असतो. आधी आई-वडिलांच्या डीएनएची तयारी करावी लागते, म्हणून चौथ्या महिन्यात धावपळ करून उपयोग नाही. लग्न ठरतानाच समुपदेशकाला भेटावं, दिवस गेल्याचं कळताच लगेच जावं. बाळ एसएस निघालं तर काय करायचं हा निर्णय फक्त त्या दोघांचा, त्यातही आधी तिचा. गर्भपाताला कायद्याची मुदत असते, त्यामुळे घरातल्या बैठकांत आठवडे घालवू नयेत. दुसरा रस्ता आयव्हीएफ करून आधीच तपासलेला भ्रूण ठेवण्याचा. तो महाग आहे आणि सगळ्यांना परवडत नाही. दत्तक घेणं हाही रस्ता आहे.

आणि कोणी ठरवलं की बाळ जसं येईल तसं वाढवू, तर त्यांना वेडं ठरवू नये. एसएस मुलांचं आयुष्य आज पूर्वीसारखं नाही. जन्मल्याबरोबर निदान झालं, लहानपणी पेनिसिलिन मिळालं, न्यूमोनियाची लस वेळेवर झाली आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित सुरू राहिलं, तर दुखण्याचे झटके बरेच कमी होतात. हायड्रॉक्सियुरियाला ‘कॅन्सरची गोळी’ म्हणून मध्येच बंद करणारी घरं आहेत. हे वाचणाऱ्यांत तसं कोणी असेल तर कृपा करून डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये सिकलसेल आजाराचा समावेश आहे, त्याचं प्रमाणपत्र मागायला लाजू नका. एसएस असलेली मुलंमुली शिकतात, नोकऱ्या करतात, आई-बाप होतात. पण तो रस्ता डोळे उघडे ठेवून निवडलेला असावा. लपवाछपवीमुळे एखादीच्या पदरी पडलेला नसावा.

ज्यांचं लग्न आधीच झालंय आणि कधी तपासलंच नाही, त्यांनी हे पत्र दुसऱ्याचं म्हणून बाजूला ठेवू नये. बाळाचा विचार सुरू असेल तर दोघांनी आताच तपासा. दिवस गेले असतील आणि बायको वाहक निघाली, तर नवऱ्याने त्याच आठवड्यात रक्त द्यावं. “तिच्यात आहे, मी कशाला तपासू” म्हणत नवऱ्याने चार महिने टाळलं, की वेळ हातातून गेलेली असते. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत मुख्यतः आदिवासी भागांतल्या चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी धरलेली आहे, तेव्हा गावच्या आरोग्य केंद्रात आशाताईंना विचारलंत तरी रस्ता सापडेल.

ताई, आज संध्याकाळी मुलगी घरी आली की ते कार्ड काढून तिच्या हातात द्या आणि “तू सांग, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत” एवढं म्हणा. मिस्टरांना आणि भासऱ्यांना तिने समजावत बसायची गरज नाही, ते काम तुमचं. धाकट्याची तपासणी बारावीची परीक्षा होईपर्यंत लांबली तरी बिघडत नाही, नंतर मात्र करून घ्या. त्याला पिवळं कार्ड मिळालं तर त्यानेही आपल्या वेळी हेच करायचं आहे, हे त्याला आत्ताच कळू द्या. साक्षगंधाची तारीख मात्र दोघांचे रिपोर्ट हातात आल्यावरच काढा. एचपीएलसीला फार दिवस लागत नाहीत.